नाणं वाजवून घ्यावं



दरवर्षी स्मरणिकेच्या संपादकांचा फोन येतो आणि दरवर्षी मी "सध्या प्रोजेक्टचा रगाडा आहे हो" असं सांगून सुटतो. यंदा मात्र विषयच घरात सापडला. उन्हाळ्यात बेसमेंट आवरताना जुन्या सूटकेसमधून एक निळ्या मखमलीची पेटी निघाली. चिरंजीवांनी ती उघडली. आत प्लास्टिकच्या चौकोनी डब्यांत बंद केलेली चांदीची नाणी आणि सोनेरी क्वार्टर्सचा एक संच होता. "बाबा, हे आजोबांचं आहे ना? केवढ्याचं असेल?" या प्रश्नाचं उत्तर मला १५ वर्षांपासून माहीत होतं. पण ते एका वाक्यात देता येईना, म्हणून हा लेख.

माझे वडील सांगलीला बँकेत कॅशियर होते. तीस वर्षं त्यांच्या हाताखालून नोटा आणि नाणी गेली. खोटा रुपया काउंटरवर पडला की त्याच्या आवाजावरून ते मान वर करायचे. दर लक्ष्मीपूजनाला आजीचे राणीछाप रुपये चिंचेने घासून लख्ख करायचे कामही त्यांचंच. असे हे बाबा २०१० च्या उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. चिरंजीव नुकतेच वर्षाचे झाले होते. आई नातवात रमली. बाबांना मात्र दुपार खायला उठायची. आम्ही दोघं ऑफिसात, गाडी चालवता येत नाही, बाहेर माणूस दिसत नाही. मग टीव्ही. तिथे त्यांना नाणी विकणारा कार्यक्रम सापडला.

महिन्याच्या शेवटी माझ्या क्रेडिट कार्डाचं बिल आलं, त्यात १,१११ डॉलर्सची नाणी! "अडीअडचणीला असू दे" म्हणून कार्ड मीच त्यांना दिलं होतं. बाबा मात्र खुशीत होते. "अरे, नातवासाठी घेतलंय. कॉलेजला जाईल तेव्हा याचे दसपट होतील. आणि गंमत सांगू? या डॉलरचा आपल्या मुंबईशी संबंध आहे. लाखो-करोडो डॉलर वितळवून चांदी हिंदुस्थानात नेली होती. त्यातून वाचलेले हे डॉलर!"

मला वाटलं, विकणाऱ्याने थाप मारली असणार. पण मंडळी, ती थाप नव्हती. ती गोष्ट खरी आहे आणि त्यातच खरी मेख आहे.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून इंग्रजांनी प्रचंड माल नेला. त्याचे पैसे इथे रुपयांत चुकवायचे, म्हणजे चांदी हवी. चांदी तर महाग होत चाललेली. १९१७ च्या नोव्हेंबरात सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. पण लोकांचा भरवसा चांदीवर. १९१८ च्या सुरुवातीला लोक नोटा परत करून रुपये मागू लागले आणि सरकारी खजिन्यातली चांदी तळाला गेली. तेव्हा इंग्लंडने अमेरिकेपुढे हात पसरला. २३ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकेत पिटमन कायदा झाला. नेवाडा या चांदीच्या खाणींच्या राज्याचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. या कायद्याखाली अमेरिकी खजिन्यात पडून असलेले २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यातल्या जवळजवळ २६ कोटींची चांदी हिंदुस्थानसाठी होती.

हिशोब करून पाहिला तर मौज वाटते. जुन्या डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन शुद्ध चांदी, आपल्या रुपयात १६५ ग्रेन. म्हणजे एका डॉलरच्या चांदीतून बरोबर सव्वादोन रुपये. तुमच्या देवघरात पंचम जॉर्जचा १९१८-१९ चा रुपया असेल, तर त्यात नेवाडाची चांदी असण्याची शक्यता नाकारता येत नाही!

आता मेख. त्याच कायद्यात असंही होतं की वितळवलेल्या डॉलरांच्या जागी अमेरिकन खाणींची चांदी औंसाला एक डॉलर भावाने विकत घेऊन नवे डॉलर पाडायचे. त्याप्रमाणे १९२१ मध्ये टांकसाळी पुन्हा सुरू झाल्या आणि त्या एका वर्षात मॉर्गन छापाचे आठ कोटींहून अधिक डॉलर पडले. या छापाच्या कुठल्याही एका वर्षाची एवढी नाणी पडली नव्हती. आणि बाबांच्या पेटीतल्या पाचही डॉलरांवर साल होतं १९२१! जे नाणं १९१८ च्या भट्टीतून "वाचलं" म्हणून विकलं, ते तेव्हा जन्मालाच आलेलं नव्हतं. विक्रेत्याचं कुठलंही एक वाक्य खोटं नव्हतं. फक्त दोन खरी वाक्यं शेजारी ठेवून त्यांची गाठ मारायचं काम त्याने बाबांवर सोपवलं होतं.

हे मला अर्थातच नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच केलं की शनिवारी बाबांना आणि पेटीला घेऊन जवळच्या नाण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा होता, सभ्य होता. त्याने भिंग लावून पाहिलं आणि कागदावर आकडे मांडले. पाच डॉलर, टीव्हीवर प्रत्येकी ९९ ला घेतलेले, तो १८ ला घेणार. चांदीचे तीन 'ईगल', प्रत्येकी १३९ चे, तो २० ला घेणार. सोन्याचा मुलामा दिलेल्या ५० क्वार्टर्सचा १९९ डॉलर्सचा संच? तो हसून म्हणाला, "हे बँकेत द्या, साडेबारा डॉलर मिळतील." एकूण १६२ डॉलर ५० सेंट. परत पाठवायची ३० दिवसांची मुदत आठवडाभरापूर्वीच संपली होती.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "बाबा, तुम्ही तीस वर्षं कॅशियर होतात ना?" हे वाक्य मला आजही टोचतं. बाबा काचेबाहेर बघत म्हणाले, "अरे, तिथे नाणं हातात यायचं."

त्यानंतर सवड मिळेल तसा मी या विषयावर वाचत गेलो आणि लक्षात आलं की बाबांनी त्या एका वाक्यात सगळा इतिहास सांगितला होता.

पेशवाईत आपल्याकडे रुपया एक नव्हता. चांदवडी, अंकुशी, सुरती अशा कितीतरी जाती बाजारात चालत. सराफ नाणं वाजवून, घासून, तोलून बघायचा आणि कसाप्रमाणे बट्टा कापायचा. बट्ट्याने लोक गांजले हे खरं, पण पारख गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर व्हायची. १८३५ मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेनचा एकसारखा रुपया आणला आणि सराफाच्या कानाची जागा सरकारी छापाने घेतली. तरीही पुढे शंभर वर्षं लोक रुपया दगडावर आपटून घेतच होते.

अमेरिकेत छंद म्हणून जुनी नाणी जमवणाऱ्यांपुढे वेगळाच प्रश्न होता. नाणं खरं आहे, पण किती चांगल्या स्थितीत आहे? १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी सुचवली. कल्पना साधी होती: १ दर्जाच्या नाण्याच्या ७० पट किंमत ७० दर्जाच्या नाण्याला. ही मोजपट्टी पुढे सगळ्याच नाण्यांना लागली. ६४ आणि ६५ यांत डोळ्याला जेमतेम फरक, पण किमतीत कधीकधी दुपटीचा. मग भांडणं आली. म्हणून १९८६-८७ च्या सुमारास दर्जा ठरवून नाणं प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करणाऱ्या स्वतंत्र कंपन्या निघाल्या. त्यातल्या दोन-तीन नामांकित कंपन्यांच्या शब्दाला आजही बाजारात मान आहे. पण डबी आणि छापील आकडा कोणीही तयार करू शकतो. बाबांच्या डब्यांवरच्या कंपनीचं नाव त्या दुकानदारानेही ऐकलेलं नव्हतं.

त्याच काळात टीव्हीवरचं दुकान वाढत होतं. त्याची जन्मकथा मजेदार आहे. १९७७ मध्ये फ्लोरिडातल्या एका रेडिओ स्टेशनला एका जाहिरातदाराकडून पैशांऐवजी ११२ विजेचे कॅन-ओपनर मिळाले. निवेदकाने ते रेडिओवरच विकायला काढले आणि बघता बघता खपले. त्यातून पुढे होम शॉपिंग नेटवर्क उभं राहिलं आणि १९८५ मध्ये देशभर दिसू लागलं. (बाबांचा चॅनेल वेगळा होता, नावाशी आपल्याला कर्तव्य नाही.) पण कॅन-ओपनर घरी आल्यावर चालतो की नाही हे दुसऱ्या दिवशी कळतं. नाण्याचं तसं नाही. ते चालत नाही आणि बिघडतही नाही. महाग पडलं हे कळायला ते विकायला जावं लागतं, आणि तोवर नातू कॉलेजला पोचलेला असतो.

ही विक्री नेहमीच कायद्याच्या आत राहिली असंही नाही. २००४ मध्ये एका खाजगी कंपनीने 'फ्रीडम टॉवर' चांदीच्या डॉलरची टीव्हीवर जाहिरात केली. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्याखालच्या तिजोरीतून काढलेली चांदी, नॉर्दर्न मारियाना बेटांच्या सरकारची अधिकृत मान्यता आणि किंमत फक्त १९ डॉलर ९५ सेंट. प्रत्यक्षात चांदी म्हणजे वरचा पातळ मुलामा होता आणि त्या बेटांना नाणी पाडायचा अधिकारच नव्हता. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने खटला भरला, कोर्टाने विक्री थांबवली आणि पुढच्या वर्षी कंपनीला मोठा दंड झाला. पण असं स्पष्ट खोटं क्वचितच सापडतं. बाबांना विकलं गेलं ते अर्धसत्य होतं, आणि अर्धसत्याला दंड होत नाही.

घरी आलेल्या आई-वडिलांसाठी, आणि आपल्यासाठीही, चार गोष्टी सांगून ठेवतो. नावात 'मिंट' असलं म्हणजे ती सरकारी टांकसाळ नव्हे. 'फर्स्ट स्ट्राइक' या शब्दांवर जाऊ नका. कुठलं नाणं आधी पडलं याची नोंद आपण ठेवत नाही, असं अमेरिकी टांकसाळच सांगते. नव्या नाण्याला ७० दर्जा मिळणं विशेष नाही, आजच्या यंत्रांतून ती तशीच निघतात. आणि रंगवलेलं किंवा मुलामा दिलेलं क्वार्टर २५ सेंटचंच असतं. १९९९ ते २००८ मध्ये राज्यांची ३४ अब्जांहून अधिक क्वार्टर्स पडली आहेत!

कॅटलॉगातली किंमतही देववाणी नव्हे. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतला १९०३ चा डॉलर एके काळी कॅटलॉगात हजार डॉलर्सच्या वर होता. १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून त्याच्या पोत्याच्या पोती बाहेर निघाली आणि भाव शंभराच्या आत आला. म्हणून घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा: "हेच नाणं तुम्ही माझ्याकडून आज केवढ्याला परत घ्याल?"

बाबा सप्टेंबरात सांगलीला परतले. दोन महिन्यांनी माझ्या तिथल्या खात्यात पन्नास हजार रुपये जमा झाले. पेन्शनमधून. मी फोनवर खूप रागावलो. ते म्हणाले, "भेट माझी होती ना? मग बिल तुझं कसं?" नाण्यांचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. २०१८ मध्ये बाबा गेले. तो डॉलर १९२१ चा आहे, म्हणजे तो वितळण्यातून वाचलेला नाही, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

चिरंजीवांना मात्र यंदा सगळं सांगितलं, गाडीतल्या माझ्या वाक्यासकट. तो जरा वेळ गप्प बसला. मग गॅरेजमधून पक्कड आणून त्याने एक डबी फोडली आणि डॉलर किचनच्या ग्रॅनाइटवर टाकला. खणखणीत वाजला! चांदी अस्सल होती, खोटी होती ती फक्त किंमत.

त्यातला एक डॉलर या दिवाळीला आजीच्या राणीछाप रुपयांशेजारी पूजेत ठेवणार आहोत. चिंच आणून ठेवली आहे. घासायचं काम या वर्षीपासून चिरंजीवांकडे.