‘देशाचे दुश्मन’ आणि पुण्यातली पत्रकबाजी

विरोधकाची अब्रू छापील कागदावर काढण्याची रीत निवडणुकीइतकीच जुनी आहे. अमेरिकेत 1828 च्या अध्यक्षीय निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांच्याविरुद्ध शवपेट्यांची चित्रे असलेली पत्रके वाटली गेली. त्यांनी सैनिकांना दिलेल्या मृत्युदंडांची ती जाहिरात होती.

पुण्यात ही रीत 1920 नंतर भडकली. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी मतदार वाढले, ब्राह्मणेतर पक्ष कौन्सिलांत शिरला आणि गणेशोत्सवात ब्राह्मणेतरांच्या छत्रपती मेळ्याची पदे गाजू लागली. 1925 मध्ये नगरपालिकेत केशवराव जेधे यांनी जोतीराव फुल्यांच्या पुतळ्याचा प्रश्न आणला. त्याला कडवा विरोध झाला. त्याच वर्षी दिनकरराव जवळकरांची ‘देशाचे दुश्मन’ ही पुस्तिका निघाली. टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर हे तिचे लक्ष्य होते. भाषा जहाल, अनेकदा शिवराळ. पण तिच्यामागे फुल्यांच्या दीर्घ अवहेलनेचा खराखुरा संताप होता, हे विसरून तिचे मोल ठरवता येत नाही.

बदनामीचा खटला झाला. कनिष्ठ न्यायालयाने लेखक जवळकर आणि प्रकाशक जेधे यांना शिक्षा सुनावली. 1926 मध्ये अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडली आणि आरोपी निर्दोष सुटले. पुढे जेधे काँग्रेसमध्ये गेले.