आद्याक्षरांमागचे घराणे : अड्यारहून पाहिलेली तंजावरी मराठी वंशावळ

चेन्नईच्या दक्षिणेस अड्यार नदी समुद्रास मिळते. तिच्या काठी १८८२ साली थिऑसॉफिकल सोसायटीने आपले ठाणे केले आणि १८८६ साली तेथे ग्रंथालय उघडले. या परिसरात आणि नदीपलीकडच्या मैलापुरात आजही काही मराठी कुटुंबे राहतात. त्यांचे पूर्वज तंजावरहून आले. घरात ती तंजावरी मराठी बोलतात, बाहेर तमिळ, आणि कागदोपत्री इंग्रजी. निवृत्तीनंतर आपल्या घराण्याची वंशावळ जुळवावी, असे यांपैकी एखाद्या गृहस्थाच्या मनात आले तर त्याच्यापुढे कोणती साधने असतात, त्या साधनांचे स्वरूप काय आणि त्यांतून सिद्ध होणाऱ्या वंशावळीकडे आपण इतिहास म्हणून पाहावे की साहित्य म्हणून, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

पहिली अडचण नावापासूनच सुरू होते. महाराष्ट्रात कुलवृत्तांत लिहिणारा आडनावाचा धागा धरून मागे जातो. तंजावरी मराठी माणसाचे आडनाव बहुधा त्याच्या नावात दिसतच नाही. दक्षिणेच्या प्रथेप्रमाणे नावापूर्वी आद्याक्षरे येतात आणि शेवटी 'राव' हा सर्वसाधारण प्रत्यय राहतो. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव (१८२८–१८९१) यांच्या नावातील 'टी' म्हणजे तंजावर. ते स्थळाचे चिन्ह आहे, कुळाचे नव्हे. उलट त्रावणकोर व म्हैसूरचे दिवाण झालेले व्ही. पी. माधवराव यांच्या नावातील 'पी' म्हणजे पाटणकर. दोघेही मूळचे कुंभकोणमचे, दोघांचेही नाव माधवराव. एकाच्या आद्याक्षरात गाव दडलेले आहे, दुसऱ्याच्या आद्याक्षरात आडनाव. इतरत्र तेच अक्षर पित्याच्या नावाचे असू शकते. म्हणजे वंशशोधकास प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे सोडवावे लागते. एका पिढीत आडनाव अक्षरात आकसले, दुसऱ्या पिढीत ते अक्षरही बदलले, की मुंबई-पुण्याकडच्या भाऊबंदांशी असलेला संबंध कागदावरून पुसला जातो. घरात उरते ते गोत्र आणि कुलदैवत.

गोत्राचा आधार मोठा वाटला तरी तो फार दूर नेत नाही. एका गोत्रात परस्परांशी संबंध नसलेली अनेक कुळे असतात. गोत्रप्रवरांची चर्चा विवाहाची ग्राह्यता ठरविण्यासाठी झाली आहे, पिढ्या मोजण्यासाठी नव्हे. कुलदैवत मात्र अधिक बोलके असते. कावेरीच्या काठी राहणारे घर आपले दैवत घाटावरच्या एखाद्या गावी सांगते, तेव्हा स्थलांतराची दिशा तरी हाती लागते.

तंजावरात मराठी वंशावळीचे सर्वांत भव्य उदाहरण दगडावर आहे. चोळ सम्राट पहिला राजराज याने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी महाराजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. देशातील दीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. या लेखाकडे 'मराठ्यांची बखर दगडावर गेली' एवढ्याच कौतुकाने पाहिले तर त्याचे मर्म निसटते. तो कोणी कोरविला आणि केव्हा, हे पाहिले पाहिजे.

सरफोजी हे दत्तक होते. तुळजा महाराजांनी १७८७ साली, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, भोसले कुळाच्या दुसऱ्या शाखेतील या मुलास दत्तक घेतले. दत्तविधान शास्त्रशुद्ध नाही असा निर्णय पंडितांकडून मिळवून कंपनी सरकारने तुळजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांना गादीवर बसविले. पुढे शास्त्रार्थ पुन्हा झाला, पहिला निर्णय फिरला, अमरसिंहांच्या औरसत्वाविषयी शंका घेण्यात आल्या आणि १७९८ साली सरफोजी गादीवर आले. लगोलग १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, मानमरातब आणि नेमणूक राहिली. ज्याचे पुत्रत्व अकरा वर्षे वादात होते आणि ज्याच्या हातातून नुकतेच राज्य गेले होते, त्या राजाने चारच वर्षांत आपली वंशावळ मंदिराच्या भिंतीवर कोरावी, यात केवळ इतिहासप्रेम पाहता येणार नाही. राज्य तहनाम्यावर अवलंबून होते, वंश मात्र दगडावर अवलंबून राहू शकत होता. सरफोजींची विद्याव्यासंगी म्हणून असलेली कीर्ती यथार्थच आहे. तरीही हा लेख म्हणजे एका दत्तक पुत्राने दिलेली जबानी आहे, असेही म्हणता येईल.

तौलनिक अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट दिसेल. चोळही स्वतःस सूर्यवंशी म्हणवीत. त्यांच्या ताम्रपटांत वंशवर्णन सूर्यापासून सुरू होते. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, भोसल्यांचा संबंध सिसोदिया राजपुतांशी जोडला गेला आणि तेही सूर्यवंशात आले. एकाच मंदिराच्या आवारात दोन सूर्यवंशांचे लेख आठ शतकांच्या अंतराने उभे आहेत. भाषा वेगळ्या आहेत, पण राजवंशाने आपला आरंभ मानवी स्मृतीच्या पलीकडे नेऊन ठेवावा हा संकेत एकच आहे. दगडावरची वंशावळ वाचताना म्हणूनच संकेत कोठे संपतो आणि माहिती कोठे सुरू होते, ही सीमा आधी ओळखावी लागते. बहुतेक वंशावळींत ही सीमा आढळते. वरच्या टोकाला नावे सुबक आणि अंतरे समान असतात. खाली येता येता अकाली मृत्यू, दत्तके, दोन बायका, निपुत्रिक चुलते अशी खरी माणसांची गर्दी सुरू होते. ज्या पिढीपासून गैरसोयीच्या गोष्टी दिसू लागतात, त्या पिढीपासून इतिहास सुरू झाला असे समजण्यास हरकत नाही.

याच वंशाचा पुढचा भाग दगडावर नाही, न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. १८५५ साली दुसरे शिवाजी महाराज पुत्राविना वारले. कन्या होत्या, राण्या होत्या. तरी कंपनीने राजपद संपुष्टात आल्याचे ठरवून खासगी मालमत्तेसह सर्व ताब्यात घेतले. राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या व तेथे त्यांच्या बाजूने निर्णय लागला. १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. जप्ती हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने त्याची तपासणी न्यायालय करू शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. वंशावळ निर्दोष असूनही निरुपयोगी ठरली. वंशावळ नेहमी कोणापुढे तरी मांडलेली असते, आणि ती ऐकावयाची की नाही हे ऐकणारा ठरवितो, हा धडा या प्रकरणात आहे.

राजघराण्यास जे लागू, ते लहान घराण्यांसही लागू होते. महाराष्ट्रात वतनाच्या भांडणांतून महजर, करीने आणि कैफियती निर्माण झाल्या. आपला हक्क सांगताना मूळ पुरुषापासून पिढ्या सांगाव्या लागत. दक्षिणेत कर्नल कॉलिन मॅकेंझी यांनी (निधन १८२१) कावली बंधूंसारख्या साहाय्यकांमार्फत अशाच कैफियती व वंशावळी अनेक भाषांतून गोळा केल्या. मद्रास इलाख्यात १८५८ साली इनाम कमिशन आले, तेव्हा इनामदारास मूळ सनद कोणाला मिळाली आणि आपले त्याच्याशी नाते काय, हे सांगणे भाग पडले. ती नोंदपुस्तके आज एग्मोरच्या तमिळनाडू अभिलेखागारात आहेत. तंजावर दरबाराचे मोडी कागद काही या अभिलेखागारात, काही सरस्वती महालात, काही तंजावरच्या तमिळ विद्यापीठात आहेत. ज्या घराला अग्रहारात एखादे इनाम होते, त्याला येथे तीन-चार पिढ्या सलग मिळण्याची आशा धरता येते. मात्र इनामाच्या नोंदीत वारस तेवढा येतो. ज्या भावाने हिस्सा सोडला, जो परगावी नोकरीस गेला, जी मुलगी दुसऱ्या घरी गेली, ती माणसे तेथे नसतात. जमीन ज्यांच्या वाट्याला आली नाही, त्यांना कागदही मिळाला नाही.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या ही उणीव काही अंशी भरून काढतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथे यात्रेकरूने आपली व भाऊबंदांची नावे लिहून देण्याची चाल आहे. सरफोजी महाराज १८२० ते १८२२ या काळात मोठ्या लवाजम्यानिशी काशीयात्रेस गेले होते. त्या लवाजम्यात ज्यांचा पूर्वज असल्याची आठवण घरात आहे, त्यांनी काशीच्या वह्यांत शोध घेणे वावगे ठरणार नाही. हरिद्वारच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतील युटाच्या वंशशास्त्रीय संस्थेने घेतली. पण वही वाचण्याचे कसब उपाध्यायांच्या घरातच राहिले. वहीत कुटुंब आडनावाने आणि गावाने शोधले जाते. ज्याचे आडनाव आद्याक्षरात हरवले, त्याला वहीचे दारही उघडत नाही. तंजावरी घराण्यांची अडचण अशी दुहेरी आहे.

आता नात्यांच्या शब्दांकडे वळू. टी. माधवरावांच्या इंग्रजी चरित्रपर लेखनात दिवाणबहादूर आर. रघुनाथराव यांना त्यांचे 'कझिन' म्हटलेले आढळते. मराठीत हा शब्द चालत नाही. चुलत, मामे, आते की मावस, हे सांगावेच लागते. माधवरावांचे वडील रंगराव आणि रघुनाथरावांचे वडील वेंकटराव हे भाऊ, दोघेही त्रावणकोरचे दिवाण. तेव्हा हे चुलतभाऊ, हे मागे जाऊन ठरवावे लागते. एका इंग्रजी शब्दाने चार नाती एकात मिसळतात. इंग्रजी शिकलेल्या पिढीने आपली टिपणे इंग्रजीत ठेवली, त्यामुळे पुढच्या पिढीला हे चार धागे पुन्हा उकलावे लागतात.

दक्षिणेत ते उकलणे अधिकच कठीण आहे. मामाच्या मुलीशी विवाह ही दाक्षिणात्यांची चाल बौधायन धर्मसूत्रात नोंदविली आहे, आणि दक्षिणेतील मराठी घराण्यांतही ती रूढ होती. काही घरांत मामा-भाचीचा विवाहही होत असे. जन्माचे नाते आणि विवाहाचे नाते दक्षिणेत एकमेकांत कसे मिसळते, याचे विवेचन इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात केले आहे. अशा घराण्याचा वंशवृक्ष काढू लागले की एकच स्त्री दोन फांद्यांवर येते, आजोबा हेच पणजोबा ठरतात, आणि वृक्ष हे रूपकच अपुरे पडते. मराठीत वंशवृक्ष, वंशवेल आणि वंशावळ असे तीन शब्द आहेत. 'वंश' या शब्दाचा मूळ अर्थ बांबू. एका पेरावर दुसरे पेर, सरळ वर. बापाकडून मुलाकडे जाणारी ओळ सांगण्यास तो पुरेसा आहे. तंजावरी घराण्याला शोभतो तो वेल, जो स्वतःच्याच खोडाला पुन्हा विळखा घालतो.

स्त्रियांचा प्रश्न येथेच उभा राहतो. छापील वंशावळींत त्या बहुधा गाळलेल्या असतात, किंवा सासरच्या नावाने आलेल्या असतात. विवाहात नाव बदलले की माहेरची मुलगी आणि सासरची सून एकच आहे, हे कागदावरून कळत नाही. पण एक साधन असे आहे, ज्याला कुलवृत्तांतकारांनी पुरेसे महत्त्व दिले नाही. ते म्हणजे श्राद्धाचा संकल्प. पार्वणश्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह यांच्यासह माता, पितामही, प्रपितामही यांचा आणि मातामहादी तिघांचाही नामगोत्रपूर्वक उच्चार होतो. म्हणजे बांबूच्या पेरांत ज्या आजी-पणजीला जागा नाही, तिचे नाव दरवर्षी निदान एकदा मोठ्याने घेतले जाते, आणि आईच्या माहेरचे गोत्रही टिकते. उपाध्यायाने किंवा कर्त्या पुरुषाने ही नावे टिपलेली असली तर तो कागद शंभर वर्षांपूर्वीच्या इनामपत्राइतकाच मोलाचा आहे. त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. तीन पिढ्यांपलीकडचे नाव उच्चारातून गळते. एक नवे नाव आत येते तेव्हा एक जुने बाहेर पडते. तेवढ्या क्षणी कोणी लिहून घेतले नाही, तर ते गेलेच.

अड्यारपाशी परत येताना एका वेगळ्या वंशावळीचा उल्लेख करणे उचित होईल. डिसेंबर १८८४ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे अधिवेशन अड्यारला झाले. त्यानंतर मैलापूरला रघुनाथरावांच्या घरी सतरा जण जमले आणि राष्ट्रीय सभेची कल्पना तेथे जन्मली, असे अ‍ॅनी बेझंट यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात लिहिले. इतिहासकारांनी ही हकीकत जशीच्या तशी स्वीकारलेली नाही. राष्ट्रीय सभेच्या उगमाला इतरही धारा आहेत. बेझंट या सोसायटीच्या अध्यक्षा होत्या आणि अड्यारला राहत होत्या; संस्थेची वंशावळ आपल्या अंगणापर्यंत आणण्याचा मोह त्यांनाही झाला असावा. सरफोजींच्या शिलालेखाशी हे साम्य लक्षणीय आहे. मात्र त्यातील एक तपशील वंशशोधकाने विसरू नये. ज्या घराचा उल्लेख येतो, त्याचे यजमान रघुनाथराव हे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते आणि त्यासाठी ते शास्त्रवचनांचाच आधार घेत. ज्या वंशावळीत पुनर्विवाहित स्त्रीला चौकट नाही, दत्तकाचे जनक घराणे पुसलेले आहे, ती अशा घरातून आलेल्यांनी तरी पुरी मानू नये.

वैयक्तिक हौस म्हणून वंशावळ जुळविणाऱ्यास म्हणून एकच पथ्य सुचवावेसे वाटते : प्रत्येक नावापुढे त्याचा आधार लिहावा. हे नाव इनामाच्या नोंदीतून, हे उपाध्यायाच्या वहीतून, हे श्राद्धाच्या संकल्पातून, हे आजीच्या बोलण्यातून, आणि हे केवळ अनुमानाने. मोडी वाचणारे थोडे राहिले आहेत आणि तंजावरी मराठी घराच्या स्वयंपाकघरापुरती उरली आहे. कागद अभिलेखागारात आणखी काही काळ थांबू शकतील. पण आद्याक्षरातील 'पी' म्हणजे काय, हे ज्या एकाच वृद्धेला ठाऊक आहे, तिला विचारण्याचे काम आधी करावे लागेल.