जठरातील युरिएज आणि मुलांची श्वासचाचणी

१९२४ साली लक आणि सेठ या दोन संशोधकांनी प्राण्यांच्या जठराच्या अंतस्त्वचेत युरिएज नावाचे विकर सापडल्याचे प्रसिद्ध केले. युरियाचे विघटन करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड निर्माण करणे, हे या विकराचे कार्य. परंतु तीव्र अम्लाने भरलेल्या जठरात जंतू वस्ती करू शकत नाहीत, ही समजूत वैद्यकात इतकी दृढमूल झालेली होती, की हे विकर जठराच्या पेशींचेच असले पाहिजे, असा निवाडा बहुतेकांनी दिला. आणि १९५० च्या सुमारास डब्लिनचे डॉ. ऑलिव्हर फिट्झजेराल्ड यांनी तर, जठराचे अम्लापासून रक्षण करणे हेच त्याचे प्रयोजन होय असे मानून, अल्सरच्या रोग्यांना युरिया देऊन पाहिला. पुढे हान्स कॉर्नबर्ग आणि रॉबर्ट डेव्हिस यांनी मांजरांवर प्रयोग केले, आणि प्रतिजैविके दिल्यावर जठरातील युरियाचे विघटन थांबते असे त्यांना आढळून आले. अर्थात हे विकर जंतूंचे होते. इतका सबळ पुरावा दप्तरी दाखल झालेला असताना त्या जंतूंचा शोध घेण्याची निकड कोणाला भासू नये, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. कारण बहुतेक अल्सरांमागे हेच जंतू असताना, ते सापडेपर्यंतच्या पाव शतकात अल्सरचे खापर मानसिक ताणावर आणि तिखटावर फुटत राहिले आणि जठराच्या शस्त्रक्रिया मुबलक होत राहिल्या.

पर्थच्या रुग्णालयात रॉबिन वॉरेन यांना १९७९ साली जठराच्या तुकड्यांवर वक्राकार जंतू दिसले, आणि १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत, एरवी दोन दिवसांत टाकून दिल्या जाणाऱ्या बशा उबवणीयंत्रात अधिक काळ राहिल्यामुळे, बॅरी मार्शल यांना त्यांची पैदास साधली. हा जंतू, म्हणजे आजचा हेलिकोबॅक्टर पायलोरी, विपुल युरिएज निर्माण करतो असे लवकरच सिद्ध झाले, आणि जुन्या कोड्याचा उलगडा झाला.

या जंतूची लागण बहुधा बालपणीच होते. परंतु ती पाहण्यासाठी घशातून दुर्बीण घालावी लागे, आणि लहान मुलाला त्यासाठी बहुधा गुंगी किंवा भूल द्यावी लागते. १९८७ साली श्वासावरून निदान करण्याच्या दोन पद्धती पुढे आल्या. त्यांपैकी एका पद्धतीत किरणोत्सर्गी कार्बन-१४ होता, जो मुलांना देणे प्रशस्त नव्हते. ह्यूस्टनच्या डेव्हिड ग्रॅहम आणि पीटर क्लाइन यांनी मात्र कार्बन-१३ हा स्थिर, निरुपद्रवी समस्थानिक वापरला. क्लाइन बालपोषणाच्या संशोधनसंस्थेत काम करीत असत, आणि स्थिर समस्थानिकांचा अभ्यास हा त्यांचा विषय होता. उपाशीपोटी मुलाचा श्वास पिशवीत घ्यावयाचा, कार्बन-१३ युक्त युरियाचे पेय पाजावयाचे, आणि सुमारे अर्ध्या तासाने पुन्हा श्वास घ्यावयाचा. जठरात जंतू असेल, तर युरिया फुटून निघालेला कार्बन-१३ रक्तावाटे फुप्फुसांत येऊन दुसऱ्या नमुन्यात वाढलेला दिसतो.

तान्ह्या व अगदी लहान मुलांत ही पद्धत तितकी भरवशाची नाही, कारण तोंडातील जंतूही थोडा युरिया फोडतात आणि बाळाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाणही निराळे असते. त्यांच्यासाठी शौचातील प्रतिजनाची तपासणी अधिक सोयीची ठरली. रक्तातील प्रतिद्रव्यांची तपासणी मात्र मुलांच्या बाबतीत विश्वसनीय ठरली नाही.

तथापि चाचणी सुलभ झाली म्हणून प्रत्येक पोटदुख्या मुलाची ती करावी, असे तज्ज्ञांनी मानले नाही, आणि ते योग्यच झाले. युरोप व उत्तर अमेरिकेतील बालपचनविकार तज्ज्ञांच्या संस्थांनी २०१७ साली स्पष्ट शिफारस केली, की मुलांत केवळ अशा चाचणीवरून प्रतिजैविके सुरू करू नयेत. दुखण्याचे मूळ कारण प्रथम शोधावे, आणि त्यासाठी आवश्यक तेव्हा दुर्बिणीचीच मदत घ्यावी. श्वासाच्या व शौचाच्या चाचणीकडे त्यांनी सोपविलेले काम उपचारानंतरचे आहे: प्रतिजैविके संपून किमान चार आठवडे लोटल्यावर जंतू खरोखर नाहीसा झाला की नाही, याची खातरजमा करणे.