धुराडी आणि मतपेटी

स्थानिक स्वराज्याचा इतिहास सांगताना आपल्याकडे बहुधा लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावापासून आरंभ होतो आणि कायद्यांची मालिका संपली की लेखही संपतो. मत कोणाला होते, कर कोणाकडून यायचा आणि त्या मताचा हात त्या करापर्यंत पोहोचत होता काय, हे प्रश्न बाजूला राहतात. पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्याची गेली शंभर वर्षे या तीन प्रश्नांच्या आधारे वाचली, तर हाती येणारे चित्र फारसे सुखावह नाही.

दोन महायुद्धांमधला काळ घेऊ. १९२३ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा नवा कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभारही स्थानिक संस्थांकडे आला. रस्ते, दवाखाने, विहिरी आणि आता शाळा! ठाणे जिल्ह्यासारख्या दुर्गम भागात बोर्डावर कोण निवडून जातो यावर एखाद्या पाड्यात शाळा उघडणार की नाही हे अवलंबून होते. परंतु मताधिकार होता तो मिळकत, सारा आणि कर यांवर. त्यामुळे किनाऱ्यावरचे बागायतदार, जमीनदार, सावकार, मुंबईला गवत पुरवणारे व्यापारी आणि वकील मंडळी मतदार ठरली. ज्यांच्या कष्टावर सारा भरला जाई ते वारली, कोकणा, कातकरी, आणि कुळे म्हणून राबणारे इतर असंख्य, यादीबाहेरच राहिले. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिमिंग्टन यांच्या अहवालात या भागातील वेठबिगारीचे जे वर्णन आहे, ते वाचताना लक्षात ठेवावे की, त्या वेळी या जिल्ह्यात ‘स्वराज्य’ संस्था अर्धशतकाहून अधिक काळ नांदत होत्या. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी आयुष्य गहाण टाकणारा लग्नगडी आणि लोकल बोर्डाचा सन्माननीय सभासद एकाच गावात राहत होते. कधी कधी एकाच वाड्याच्या आवारात.

याच वर्षांत सातासमुद्रापलीकडे एक निराळाच प्रयोग चालू होता. वेल्सच्या दक्षिणेकडील कोळशाच्या खोऱ्यांत १९१८ च्या कायद्याने मताधिकार वाढला आणि पुढच्याच वर्षी ग्लॅमॉर्गन व मॉनमथशर या परगण्यांच्या कौन्सिलांवर मजूर पक्षाचे बहुमत आले. खाणीत उतरणारा माणूस संध्याकाळी नगराच्या पाणीपुरवठ्यावर बोलू लागला. अन्युरिन बेव्हन हा असाच एक खाणकामगार. तो १९२२ मध्ये ट्रेडेगरच्या कौन्सिलवर निवडून आला, १९२९ मध्ये पार्लमेंटमध्ये गेला आणि १९४८ साली त्याच्याच मंत्रिपदाच्या काळात ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तिचा नमुना त्याने आपल्या गावच्या कामगारांच्या वैद्यकीय साहाय्य मंडळात पाहिला होता. तेथे खाण, कामगाराचे घर, त्याचे मत आणि खाणीकडून येणारा कर ही सारी एकाच दरीत होती. कौन्सिलचे बळ होते ते त्यात.

हे बळ लंडनला मानवले नाही. १९२६ च्या टाळेबंदीत बेडवेल्टीच्या निवडून आलेल्या गरीब-साहाय्य मंडळाने उपाशी कुटुंबांना सढळ मदत दिली, कर्ज वाढले आणि फेब्रुवारी १९२७ मध्ये मंत्र्याने ते मंडळच दूर सारून आपली माणसे नेमली. पुढे १९२९ च्या कायद्याने कारखान्यांना स्थानिक करांत तीनचतुर्थांश सूट मिळाली. मतपेटी जागेवर राहिली, तिच्या आवाक्यातली तिजोरी मात्र आकसली. १९३१ साली पोप पायस अकरावे यांनी ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात, लहान संस्थेला जे करता येते ते मोठ्या संस्थेने हिरावून घेऊ नये, असे तत्त्व मांडले. ते बेडवेल्टीला उद्देशून नव्हते; पण तेथील माणसाला ते वेगळे समजावून सांगावे लागले नसते.

आपल्याकडे मताचा प्रश्न सुटला तो आधी रस्त्यावर. १९४५ मध्ये शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, तलवाड्याला गोळीबार झाला आणि वेठबिगारीचा कणा मोडला. स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींचे अध्यक्षपद आदिवासींकडे दिले. पालघर तालुक्यातील १४४ गावे या क्षेत्रात मोडतात. १९२३ च्या यादीत ज्यांच्या आज्याचे नाव नव्हते, ते सरपंचाच्या खुर्चीवर बसले. हे लहान काम नव्हे.

परंतु त्याच सुमारास दुसरे काही घडत होते. १९६९ मध्ये तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले; पाठोपाठ बोईसरलगत औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायने, औषधे, कापड, पोलाद यांची धुराडी उठली. वसाहतीच्या आखणीचा आणि भूखंडांचा कारभार औद्योगिक विकास महामंडळाकडे. ग्रामपंचायतीकडे काय उरले? १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे १२५ वे कलम पंचायतीला कारखान्याशी करार करून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याची मुभा देते. करार म्हटला की दोन्ही पक्षांची ताकद साधारण सारखी असावी लागते, आणि एका बाजूला कंपनीचे कायदेतज्ज्ञ तर दुसऱ्या बाजूला ग्रामसेवक असला, म्हणजे काय होते ते सांगायला नको. कामगार म्हणावा तर तो उत्तर प्रदेशचा, बिहारचा. सरावली-पास्थळच्या चाळीत दहा-पंधरा वर्षे राहूनही अनेकांचे मत गावीच राहते. वेल्समध्ये एका दरीत असलेल्या गोष्टी येथे तीन दिशांना पांगल्या. २०११ च्या जनगणनेत बोईसरची वस्ती सुमारे ३६ हजार होती, तरी कारभार ग्रामपंचायतीचाच होता.

वसईकर वाचकांना हे दुखणे उलट बाजूने ठाऊक आहे. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली तेव्हा आपल्या गावकऱ्यांनी ग्रामपंचायती टिकवण्यासाठी आंदोलन केले. तेथे मोठी संस्था गावावर लादली जात होती. बोईसरला गाव वाढले, संस्था वाढली नाही. दोन्हीकडे निर्णय गावाबाहेर झाला.

तारापूरच्या वसाहतीचे सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात सोडले जाते. किनाऱ्यावरच्या मांगेला मच्छीमारांचे जाळे त्यामुळे रिकामे येऊ लागले. दाद मागायची कोठे? पंचायतीला अधिकार नव्हता. अखेर त्यांच्या संघटनेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली आणि २०२२ मध्ये लवादाने प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना भरपाई ठोठावली. खटला चालू असतानाच, जानेवारी २०२० मध्ये, पालघर जिल्हा परिषदेची निवडणूक झाली. प्रचार जोरात झाला, मतदानही झाले. समुद्रात जाणारा तो नळ मात्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत नव्हता.