उसाच्या पाल्याचे घर

वाशीम आपल्या जागेवरून कधी हलले नाही. त्याचे नाव मात्र बदलत राहिले. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, तेव्हा ती वत्सगुल्म म्हणून ओळखली जाई. इंग्रजी अमदानीत सरकारी कागदांवर तिचे ‘बासिम’ झाले. १९०५ साली बासिम जिल्हा मोडण्यात आला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. दप्तरात लिहिले जाणारे नाव आणि घरात उच्चारले जाणारे नाव यांत असे अंतर पडतच असते. जो माणूस गाव सोडून समुद्रापार जातो, त्याच्या वाट्याला हे अंतर फार मोठे होऊन येते.

आज आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुलीही परदेशी जाऊन संसार मांडतात. भिंतींना कोणता रंग द्यावा, पडदे कसे असावेत, याचा ती हौसेने विचार करतात. ही हौस योग्यच आहे. परंतु परक्या भूमीतले घर आपले केव्हा होते, हा प्रश्न रंगाने आणि पडद्यांनी सुटत नाही. ज्यांच्यापाशी रंग नव्हता, पडदे नव्हते आणि घरही स्वतःचे नव्हते, अशा मराठी माणसांनी तो एकदा सोडविला आहे. त्यांचा इतिहास मॉरिशस बेटावर घडला.

मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ पासून गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मुक्त झालेल्यांपैकी बहुतेकांनी पुढील काही वर्षांत उसाचे मळे सोडले. त्यांच्या जागी काम करण्यासाठी मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलास’ जहाजाने पहिले ३६ मजूर पोर्ट लुईला आले. पुढे १९१० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे त्या धक्क्यावर उतरली. कलकत्ता आणि मद्रास यांच्याप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली. त्यांत कोकणातील मराठी माणसे होती.

करार पाच वर्षांचा असे. पुरुषाला महिना पाच रुपये आणि वर तांदूळ, डाळ, तेल, मीठ असा शिधा मिळे. एक दिवस कामावर आला नाही, तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. राहण्यासाठी मळ्यावरील छावणीत उसाच्या पाल्याने शाकारलेली झोपडी मिळे. ती झोपडी मळेवाल्याची होती. करार संपला की तिच्यावरील हक्कही संपे. १८६७ च्या कायद्याने तर करारातून सुटलेल्या जुन्या मजुरांवरही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगण्याची सक्ती केली. तो जवळ नसेल, तर भटक्या म्हणून अटक होई. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्यासाठीही ज्याला कागद लागतो, त्याने घर सजवावे तरी कशाने?

त्याचे नावही त्याच्या हाती राहिले नव्हते. नोंदवहीत कारकून कानाला येईल तसे लिही, आणि बापाचे नाव मुलाचे आडनाव होऊन बसे. म्हणूनच भिवाजीसारखी आपल्याकडची साधी नावे मॉरिशसमध्ये आज आडनावे म्हणून आढळतात. वहीतले नाव असे बदलले. झोपडीच्या आत मात्र कारकून पोचला नाही. तेथे आईने मुलाला ज्या बोलीत हाक मारली, ती कोकणातलीच होती.

त्याच बेटावर, त्याच काळात, घर हरवलेल्या दुसऱ्या एका समाजाची सेवा एक फ्रेंच धर्मगुरू करीत होते. फादर जाक-देझिरे लावाल १८४१ साली मॉरिशसला आले. मुक्त झालेल्या गुलामांना ना वडिलार्जित घर होते, ना गावाची आठवण. फादरांनी प्रथम त्यांची क्रिओल बोली आत्मसात केली, त्या बोलीत सोपी धर्मशिकवण तयार केली आणि वस्त्यावस्त्यांतून लहान लहान प्रार्थनागृहे उभारविली. तेथे त्या लोकांपैकीच स्त्री-पुरुष इतरांना शिकवू लागले. ९ सप्टेंबर १८६४ रोजी फादरांचे निधन झाले. १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. सेंत-क्र्वा येथील त्यांच्या कबरीशी दरवर्षी हिंदू आणि मुसलमानही येतात. उखडलेल्या माणसाला भिंतींआधी त्याच्या तोंडची भाषा मानाने बोलता येईल अशी जागा लागते, हे या धर्मगुरूंनी ओळखले होते.

मराठी मजुरांना तशी जागा मिळण्यास जमीन कारणीभूत झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचा धंदा अडचणीत आला आणि मळेवाले कडेच्या जमिनी तुकड्यातुकड्यांनी विकू लागले. दमडी दमडी साठवून हिंदी मजुरांनी त्या घेतल्या. आता झोपडी पाल्याचीच असली, तरी तिच्याखालची माती स्वतःची होती. १८९६ साली हेन्रिएट्टा येथील भिवाजी कुटुंबाने गणेशोत्सव सुरू केला आणि आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तेथे अजून नाचली जाते. मॉरिशसच्या मराठी घराची खरी सजावट ही होती. ती भिंतीवर टांगलेली नव्हती. वर्षानुवर्षे हाताने करावी लागे.

ही सजावट किती टिकाऊ होती, याची परीक्षा पुढे झाली. १९६० च्या फेब्रुवारीअखेर ‘कॅरोल’ चक्रीवादळाने बेटावरील हजारो घरे भुईसपाट केली. पाल्याची आणि पत्र्याची घरे गेली. त्यानंतर सिमेंटच्या घरांचे युग आले. जुन्या घराची खूण म्हणून एक काठीही उरली नाही, अशी कुटुंबे पुष्कळ होती. तरीही नव्या सिमेंटच्या घरात पुढच्या भाद्रपदात गणपती बसलाच.

मात्र या कथेची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. आज मॉरिशसमधील बहुतेक मराठी घरांत रोजचे बोलणे क्रिओलमध्ये होते. मुले मराठी शाळेत शिकतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतही ती शिकविली जाते. आरती आणि भजन मराठीत राहिले, चुलीपाशी चालणारा संवाद गेला. सण वर्षातून एकदा येतो, म्हणून तो जपणे सोपे असते. भाषा रोज बोलावी लागते आणि रोजच्या धावपळीत तीच प्रथम निसटते.

परदेशी निघालेल्या मुलाच्या पेटीत आपण क्रूस, पवित्र मरियेची तसबीर, लोणच्याची बरणी भरतो. तसबिरीसाठी भिंतीला खिळा ठोकणे एका मिनिटाचे काम आहे. त्या तसबिरीपुढे रोज संध्याकाळी मुलाबाळांसह मराठीत रोझरी म्हणणे हे आयुष्यभराचे काम आहे. पाल्याच्या झोपडीत राहणाऱ्यांपाशी खिळा ठोकायला धड भिंत नव्हती. जे रोज केले तेच त्यांच्या घरात टिकले आणि जे रोज करणे थांबले ते गेले. नव्या घराचा उंबरा ओलांडणाऱ्या आपल्या लेकरांना आशीर्वाद देताना एवढे एक वाक्य त्यांच्या कानी घालण्यासारखे आहे.