तेल, कापूर आणि अपस्मार : बंगळुरूतून पुढे आलेला एक प्रश्न

अपस्मार म्हणजे आपल्याकडचे फेफरे, आकडी किंवा बोलीतली 'फिट'. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील दहावा अध्याय याच रोगावर आहे. त्यात ब्राह्मी घृत, पंचगव्य घृत अशी औषधी तुपे पोटात घ्यायला, तर तेले अंगाला चोळायला आणि नस्यासाठी सांगितली आहेत. ही तेले कशी तयार होतात ते आधी पाहू. वनस्पतीचा कल्क एक भाग, तेल किंवा तूप चार भाग आणि काढा किंवा दुधासारखा द्रव सोळा भाग, हे पाण्याचा अंश आटेपर्यंत शिजवायचे. म्हणजे मुळात ते तिळाचे किंवा मोहरीचे खाण्याचे तेलच. वनस्पतीचा गुण त्यात थोडा उतरलेला.

निलगिरीचे तेल या जातीचे नाही. ते पानांतून ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफेच्या साहाय्याने काढलेले, उडून जाणारे आणि अतिशय तीव्र असते. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियातले. बंगळुरूजवळच्या नंदी टेकडीवर टिपू सुलतानाने 1790 च्या सुमारास ते लावले असे मानले जाते; एकोणिसाव्या शतकात निलगिरी डोंगरात त्याची लागवड वाढली आणि मराठीत डोंगराचेच नाव झाडाला चिकटले. आज आपण त्याला आजीबाईच्या बटव्यातले समजतो, पण ही 'परंपरा' फार जुनी नाही.

कापूर मात्र भारतात प्राचीन काळापासून माहीत आहे. त्याची दुसरी बाजू बुडापेस्टमध्ये वापरली गेली. 1934 च्या जानेवारीत लाडिस्लास मेदुना या डॉक्टरने एका मनोरुग्णाला तेलात विरघळवलेला कापूर टोचला. अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांना मारक आहेत अशी त्याची समजूत होती, म्हणून त्याला मुद्दाम झटकाच आणायचा होता, आणि तो आला. पुढे कापराऐवजी दुसरे रसायन आले आणि नंतर विजेचे झटके. कापराने आकडी येते हे वैद्यकाला तेव्हापासून नक्की ठाऊक होते. घरातल्या बामच्या डबीपर्यंत मात्र ही माहिती पोहोचली नाही.

बंगळुरूतील मज्जाविकारतज्ज्ञांना रुग्णाच्या घरगुती सवयी विचारण्याची जुनी सवय आहे. डोक्यावर कढत पाणी ओतून न्हाताना येणाऱ्या झटक्यांचे 279 रुग्ण निम्हान्स संस्थेतील डॉक्टरांनी 1988 मध्ये नोंदवले होते. सेंट जॉन्स रुग्णालयातील थॉमस मॅथ्यू आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये निलगिरी तेल हुंगल्यावर झटका आलेले रुग्ण प्रसिद्ध केले. नंतर चार रुग्णालयांत चार वर्षे, झटका घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सुगंधी तेलांबद्दल विचारले गेले. असे 55 रुग्ण सापडले : 22 जणांना झटका तेलामुळेच आला असे मानले गेले, तर 33 जणांना आधीच अपस्मार होता. सर्वांच्या वापरात निलगिरी किंवा कापूर असलेली तेले वा बाम होते. अशा अभ्यासातून कार्यकारणसंबंध पूर्ण सिद्ध होत नाही, हे खरे. पण मला यात महत्त्वाचे वाटते ते साधन : कोणतेही नवे यंत्र नाही, फक्त एक प्रश्न. बामला औषध न मानणारा रुग्ण ते आपणहून कशाला सांगेल?

मग वनस्पतीपासून आकडीवर काहीच मिळाले नाही का? मिळाले. कलकत्त्यात ओशॉनेसी या डॉक्टरने 1839 मध्ये चाळीस दिवसांच्या बाळाच्या झटक्यांवर भांगेचा अर्क वापरल्याची नोंद केली. 2018 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एपिडायोलेक्स हे त्याच वनस्पतीतील कॅनाबिडिओल आहे, आणि ते विरघळवलेले असते तिळाच्या तेलात! फरक इतकाच की त्याची मात्रा मोजलेली आहे, ते तुलनात्मक चाचण्यांतून गेले आहे आणि ते अपस्माराच्या मोजक्या दुर्मिळ प्रकारांसाठीच आहे.

मेंदूच्या दुखापतीबाबत सांगण्यासारखे थोडेच आहे. ब्राह्मीवर प्राण्यांमध्ये प्रयोग झाले आहेत, पण अपघातात डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी कोणतेही तेल सिद्ध उपचार ठरलेले नाही. शिवाय 'ब्राह्मी' म्हणून कुठे बकोपा, तर कुठे मंडूकपर्णी विकली जाते; तेव्हा बाटलीवरचे नाव वाचूनही आत नेमके काय आहे ते कळेलच असे नाही.