मारबत आणि टोळीचा खेळ

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरातल्या इतवारीच्या रस्त्यांवर मारबतींचे दोन अवाढव्य पुतळे निघतात. पिवळी मारबत जागनाथ बुधवारीतली. १८८५पासून तेली समाज ती काढतो. काळी तिच्याहूनही जुनी. इंग्रजांशी हातमिळवणी करणारी भोसल्यांची बाकाबाई म्हणजेच ही, असं लोक सांगतात. नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडते, रोगराईला हाकलणाऱ्या आरोळ्या उठतात आणि शेवटी दोघींना अग्नी दिला जातो.

कल्पनेतल्या शत्रूला सगळ्यांनी मिळून संपवायचं!

असाच डाव १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणून टेबलावर मांडला. एक लढवय्या, दुसरा जादूगार, तिसरा जखमा भरणारा. एकट्याचं काम नव्हेच. पुढे तो संगणकात शिरला. २०००च्या ‘डायाब्लो २’मध्ये आठ जण एकत्र खेळू शकत, पण गडी वाढला की राक्षसांची जीवनशक्तीही वाढे. फुकटची फौज नाही, हा हिशेब चोख होता. २०२३च्या ‘बाल्डर्स गेट ३’ने चौघांवर थांबून खोडीलाही वाव ठेवला: एक गडी दुकानदाराशी बोलत असताना दुसरा खुशाल त्याचा खिसा कापतो.

नागपूरकरांची खोडी बडग्यांत दिसते. मारबतींसोबत निघणाऱ्या या पुतळ्यांतला शत्रू दरवर्षी बदलतो. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी एखादा पुढारी. कुणाला हाकलायचं ते मंडळं ठरवतात आणि बडग्याच्या अंगावर फलक लटकवून तसं ठळक लिहूनही टाकतात.